पाहुण्यानं चादर खराब केली, पैसे मागू का?

होमस्टे चालवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी जास्त आलेत अन् नवल म्हणजे जवळपास सगळे गादी-चादरीचेच आहेत. मी स्वतः घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, धुणं घरीच होते, म्हणून जे करून पाहिलं तेच सांगते. पहिलं पत्र थोडं मोठं आहे पण मी कापलं नाही, ज्या बोलीत आलं त्याच बोलीत देऊन राहिली.

प्रश्न : ताई, नमस्कार. ताडोबाच्या मोहर्ली गेटपासून थोड्या अंतरावर आमचं गाव हाय. घरामागं दोन खोल्या काढून दोन वर्षांपासून आम्ही होमस्टे चालवून राहिलो. मागच्या रविवारी चार जण येऊन गेले, बुकिंग एअरबीएनबी ॲपवरून होती. रात्री जेवण खोलीतच द्या म्हणाले, मी सावजी मटण अन् भाकरी पाठवली. सकाळी अंधारातच सफारीले गेले अन् तिकडूनच घरी गेले. मी खोली उघडली तं पांढऱ्या चादरीवर रस्सा सांडलेला, उशीच्या गिलाफाले हात पुसलेले, अन् सगळ्यात वाईट म्हणजे माह्या सासूबाईच्या हातची वाकळ पायथ्याशी घडी करून ठेवली होती तिच्यावर बी रस्सा. चादरीले साबण लावला तं डाग लालभडक झाला, मले वाटलं रक्त हाय का काय. सासूबाई आता नाहीत. मले रडूच आलं. फोन केला तं ते म्हणते, "धुतलं की निघते, एवढ्याचे काऊन पैसे मागता." आमच्या घरचे म्हणते सरळ ५००० मागून टाक. मागू का? अन् मागायचे तं कसे?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला फोन केला होता कारण अंक छापून येईपर्यंत मुदत निघून गेली असती. पण जे बोलणं झालं ते बाकीच्यांनाही कामाचं आहे म्हणून सगळं लिहिते.

आधी तो लाल डाग. ते रक्त नाही, हळद आहे. हळदीला चुना लावला की कुंकू होते हे आपल्या आज्यांना माहीतच होतं, तेच इथं झालं. कपड्याचा साबण, सोडा हे चुन्यासारखेच क्षार गुणाचे, हळद त्यांना लागली की लाल होते. त्याच्यावर लिंबू पिळलं की ती वापस पिवळी होते, म्हणून घाबरायचं नाही. अन् आपल्याकडची हळद काही साधी नाही, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्यातल्या जास्तीच्या कुरक्युमिनमुळंच, अन् तोच कुरक्युमिन म्हणजे तो पिवळा रंग जो तुमच्या चादरीत जाऊन बसला.

आता रश्श्यात दोन गोष्टी असतात, एक तेल अन् एक रंग, अन् लोक चूक इथंच करतात की दोन्हीवर एकदम तुटून पडतात. पहिले तेल काढा. वर वर राहिलेलं चमच्यानं खरवडून घ्या, घासू नका, मग बेसन नाहीतर तांदळाचं पीठ भुरभुरून अर्धा तास ठेवा म्हणजे ते तेल ओढून घेते, झटकून टाका अन् मग भांडे घासायचं लिक्विड दोन थेंब बोटानं लावून थंड पाण्यात धुवा. कपड्याची वडी नका लावू, लिक्विड. तेल गेलं की मग हळद उरते, अन् हळदीचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे ऊन. ओल्या डागावर लिंबाचा रस लावायचा अन् चादर डागाची बाजू वर करून उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा ओली करायची. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन आपल्याला भाजून काढते पण पांढऱ्या चादरीसाठी त्याच्यासारखी लाँड्री नाही, दोन दिवसात डाग ओळखू येत नाही इतका फिका पडतो. ब्लीच टाकायचं असलं तर ते वेगळ्या दिवशी अन् फक्त पांढऱ्या सुती कपड्याला, लिंबू किंवा व्हिनेगरसोबत कधीच नाही कारण त्याच्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, न्हाणीघर लहान असते, दार लावून धुणं करणाऱ्या बाईचा जीव घाबरा होतो.

वाकळीचं मात्र वेगळं. जुन्या लुगड्यांचे थर असतात, आतल्या थरांचे रंग आपल्याला माहीत नसतात, भिजत टाकली तर एका लुगड्याचा रंग दुसऱ्यात उतरतो. म्हणून अख्खी भिजवू नका. डागाखाली जुना टॉवेल ठेवा, डागापुरतंच लिक्विड अन् पाणी, वरून दुसऱ्या कपड्यानं दाबून दाबून टिपून घ्या. लिंबू लावायच्या आधी मागच्या कोपऱ्याला लावून पाहा रंग सुटते का. ऊन सकाळचं कोवळं द्या, दुपारचं दिलं तर हळदीसोबत लुगड्याचा रंगही जाईल. अन् एवढं करून डाग राहिलाच तर त्याच्यावर सासूबाईच्याच एखाद्या जुन्या लुगड्याचं ठिगळ बारीक धावदोऱ्यानं बसवा. वाकळीला ठिगळ शोभते, ती तशीच तर बनते. पण यापुढं ती पाहुण्याच्या खोलीत ठेवायची नाही, हे मी थोडं रागावूनच सांगते. जिची किंमत लावता येत नाही ती वस्तू भाड्याच्या खोलीत नको. ओसरीवर भिंतीला टांगा, येणारा पाहील, विचारेल, तुम्ही सासूबाईबद्दल सांगाल, कोणी तिच्यावर ताट ठेवणार नाही.

आता पैशाचं. ५००० मागू नका ताई. राग खरा आहे पण रकमेला आधार नाही. मी हिशोब असा करते : चादर-गिलाफाचा सेट ९०० चा असला अन् आपल्या वापरात तो दोन वर्षं चालतो असं धरलं, अन् डाग पडला तेव्हा त्याला दीड वर्ष झालं होतं, तर उरलेली किंमत पाव म्हणजे २२५. तेवढेच मागायचे, अन् तेही डाग गेला नाही तरच. डाग धुऊन निघाला तर काहीच मागायचं नाही, चादर मळणं हा आपल्या धंद्याचा खर्च आहे, तो रात्रीच्या भाड्यातच धरलेला असला पाहिजे. नवी चादर जळली, फाटली, तिला मेंदी नाहीतर केसाचा डाय लागला अन् निघालाच नाही, तर पूर्ण किंमत मागायला अजिबात लाजायचं नाही. "दंड ५००० रुपये" अशी पाटी लावणारे होमस्टेवाले मी पाहिलेत. त्यांनी लक्षात ठेवावं की करारात दंडाचा आकडा लिहून ठेवला म्हणून तेवढा मिळतोच असं नाही, १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७४ सांगते की लिहिलेल्या आकड्याच्या आत जेवढी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते.

कसे मागायचे तर तुमची बुकिंग एअरबीएनबीची आहे, तिथं पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत मागणी टाकावी लागते. तुमचे पत्र लिहिताना चार दिवस गेले होते, म्हणून मी घाईनं फोन केला. फोनवर भांडणं बंद करा, जे लिहायचं ते ॲपच्या मेसेजमध्येच लिहा कारण पुढं कंपनीनं पाहायचं ठरवलं तर तुमचा फोन कोणी ऐकला नसते. मागणी टाकली की पाहुण्याला उत्तर द्यायला २४ तास असतात, तो नाही म्हणाला किंवा गप्प बसला तर मग कंपनीला मध्ये बोलावता येते. त्यासाठी धुवायच्या आधीचा फोटो, धुतल्यानंतरचा फोटो, चादरीचं बिल. वापरानं झालेली झीज तिथं धरत नाहीत, चादर जुनी विटकी होती अन् तुम्ही नवीची किंमत मागितली तर मागणीच लटकी पडते. पाहुणा यायच्या आधी पलंग लावून झाला की मी रोज दोन फोटो काढते, एक पूर्ण पलंगाचा अन् एक चादर जवळून, मोबाईलमध्ये तारीख-वेळ आपोआप राहते. एका मिनिटाचं काम आहे पण हा आधीचा फोटो नसला तर पाहुणा म्हणतो डाग पहिलेच होता, अन् आपल्याजवळ बोलायला काही राहत नाही.

मेसेज काय लिहायचा तेही विचारलं होतं. मी असं लिहिते, "नमस्कार, तुम्ही आमच्याकडे राहिलात, बरं वाटलं. खोलीतल्या चादरीवर रस्सा सांडला होता, फोटो पाठवत आहे. आम्ही दोनदा धुवून पाहिलं, डाग निघाला नाही. चादर दीड वर्ष वापरलेली होती म्हणून पूर्ण किंमत न मागता २२५ रुपये मागत आहोत, बिलाचा फोटो सोबत आहे." बस. याच्यात "तुम्ही शिकलेले लोक असून" असलं एक वाक्यही टाकायचं नाही. माझा अनुभव आहे, दहातले बरेच पाहुणे असा मेसेज गेला की मुकाट्यानं देतात, काही तर माफी मागतात, कारण रक्कम पाहून त्यांना कळते की ही बाई लुटून नाही राहिली.

वाकळीसाठी त्यांना वेगळं लिहा, पैशासाठी नाही, ती कोणाच्या हातची होती एवढंच. ते त्यांना माहीत असायला पाहिजे.

अन् ताई एक गोष्ट तुम्हाला वाईट वाटेल पण सांगते. तुमच्या खोलीत टेबल आहे का? मी फोनवर विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल्या. मग चार जणांनी ताट ठेवायचं कुठं, पलंगावरच ना. आपण चटईवर बसून जेवणारे, त्यांना खाली बसता येत नाही, अन् त्यात जेवताना लाइन गेली की अंधारात वाटी लवंडते. एक घडीचं टेबल, चार स्टूल, एक चार्जिंगचा दिवा, एवढं ठेवा. मी तर जेवण खोलीत देतच नाही, मागच्या छपरीत पंगत मांडते, पाहुण्यांनाही तेच आवडते कारण चूल दिसते. चहाचं तसंच, सफारीसाठी चार-साडेचारला उठवून बिछान्यात चहा देणं म्हणजे डागाला आवतण देणं आहे, अंगणात उभ्यानं द्या. सफारीवरून येतात तेव्हा उघड्या जिप्सीतली लाल धूळ डोक्यापासून पायापर्यंत असते अन् माणूस थकून तसाच पलंगावर पडतो. दाराशी बादली, मग्गा, जुना टॉवेल ठेवला की निम्मे लोक आपोआप पाय धुतात, सांगावं लागत नाही. चेहरा पुसायला गडद रंगाचा नॅपकिन ठेवा, काजळ-लिपस्टिक गिलाफावर येत नाही.

बरेच जण विचारतात पांढऱ्या चादरी कशाला, छापील घ्या, डाग दिसत नाही. मी याच्या विरुद्ध आहे. डाग दिसत नाही म्हणजे डाग नाही असं नसते, अन् पाहुण्याच्या मनात शंका राहते. पांढऱ्या सुतीला ऊन, लिंबू, ब्लीच सगळं चालते, छापीलला काहीच चालत नाही. फक्त दर पलंगामागं तीन सेट ठेवा, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक पेटीत. दोनच सेट असले की डाग काढायला वेळच मिळत नाही अन् आपली चिडचिड पाहुण्यावर निघते.

प्रश्न : चिखलदऱ्याला आमच्या तीन खोल्या आहेत. ऑगस्टमध्ये एका कुटुंबातल्या लहान मुलानं गादी ओली केली. आईनं सांगितलं नाही, वरून चादर झाकून गेली. धुक्यात गादी सुकत नाही, वास जात नाही. किती पैसे लावावे?

उत्तर : भाऊ, काहीच लावू नका. लेकरू आहे, अन् आईनं लपवलं ते लाजेपायी लपवलं. म्हाताऱ्या माणसाकडूनही होते. यासाठी पैसे मागितले तर ती बाई पुन्हा कुठंच सांगणार नाही, अन् पुढच्या खोलीवाल्याची गादी सडेल. उलट येतानाच सांगून ठेवा, लहान मूल असलं तर आमच्याकडे मेणकापड आहे, मागून घ्या, रात्री काही झालं तर उठवा, आम्ही बदलून देऊ. लगेच कळलं तर निम्मं काम झालं.

वासाचं सांगते. गरम पाणी टाकू नका. आधी कोरड्या टॉवेलनं जोर लावून दाबून जेवढं निघेल तेवढं काढा, मग व्हिनेगर अन् पाणी समसमान करून फवारा, पुन्हा टिपा, अन् शेवटी खायचा सोडा जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशनं झाडून काढा. एकदा केलं अन् वास राहिला तर पुन्हा करा. फोमची गादी असली तर पाण्यानं भिजवायची नाहीच, आतलं पाणी पावसाळ्यात महिनाभर सुकत नाही अन् बुरशी धरते. गादी आडवी न ठेवता भिंतीला तिरपी उभी करा अन् दोन्ही बाजूनं पंखा फिरू द्या. कापसाची असली तर तुम्ही सुखी, आपण कापसाच्या मुलखातले. शिवण उसवा, तेवढा ओला कापूस काढून फेका, पावसाळा संपला की पिंजाऱ्याकडून बाकीचा पिंजून घेऊन थोडा नवा भरा, गादी नव्यासारखी होते. फोमच्या गादीला हे भाग्य नाही.

अन् सगळ्या गाद्यांना वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाला, वरून टॉवेलसारखं सुती कापड असलेला, निव्वळ प्लास्टिकचा घेतला तर घाम येते अन् कुरकुर वाजते. एका गादीच्या किमतीत कितीतरी प्रोटेक्टर येतात. उशीला पण चेनवाली आतली खोळ घाला, उशी कोणी धूत नाही अन् डोक्याचं तेल सगळं तिथंच मुरते.

रक्ताचा डाग असला, पाळीचा नाहीतर जळू लागून निघालेला, तरी हाच नियम, थंड पाणी अन् मीठ. गरम पाण्यानं रक्त शिजल्यासारखं होऊन धाग्यात बसते. जुना झाला असला तर मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते, पांढऱ्या कपड्यावर थोडं पातळ करून टाका, फेस आला की टिपून घ्या. याचेही पैसे मागायचे नाहीत, कोण्या बाईला पाळीच्या डागाचा फोटो पाठवून पैसे मागणारा मालक मला माझ्या धंद्यातला म्हणवत नाही.

प्रश्न : सिगरेटनं नवीन दुलई जाळली, भोक पडलं. पैसे मागितले तर पाहुणा म्हणतो खराब रिव्ह्यू देतो. सोडून द्यावं का?

उत्तर : सोडू नका. जळालेलं धुऊन निघत नाही, हे खरं नुकसान आहे, अन् आगीचाही धोका होता. रिव्ह्यूची धमकी देऊन पैसे टाळणं एअरबीएनबीच्या नियमात बसत नाही, पण ती धमकी लेखी पाहिजे, म्हणून ॲपमध्येच बोलायला लावा अन् तेच कंपनीला दाखवा. ॲपवर तुमच्या खोलीची माहिती दिलेली असते तिच्यात "खोलीत धूम्रपान नाही" हे लिहिलेलं आहे का तेही पाहा, नसलं तर आजच लिहा. ओळखीनं थेट येणाऱ्या पाहुण्यांकडून थोडं डिपॉझिट यूपीआयवर घेऊन ठेवता येते, जाताना खोली सोबत पाहून तिथंच वापस करायचं. ॲपवरून येणाऱ्यांकडे मात्र वेगळं डिपॉझिट हातात मागत बसू नका, तिथं ते चालत नाही. अन् खराब रिव्ह्यू आलाच तर त्याच्याखाली दोन ओळीत खरं काय झालं ते शांतपणे लिहा, पुढचे लोक दोन्ही वाचतात.

प्रश्न : नागझिऱ्याजवळ आमचा होमस्टे आहे. मागच्या तीन महिन्यात चार वेळा पांढऱ्या चादरींवर पिवळे-तपकिरी ठिपके दिसले. पाहुण्यांना विचारलं तर सगळे नाही म्हणतात. एकाकडून मी ३०० रुपये घेतले. ब्लीच टाकलं की ठिपके अजून वाढतात. हे लोक खोटं का बोलतात?

उत्तर : ब्लीच टाकलं की वाढतात, या एका वाक्यावरून मला वाटते ते खोटं बोलत नाहीत. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? बोअरच्या पाण्यात लोह असलं तर ते पाण्यात विरघळलेलं असते तोपर्यंत दिसत नाही, पण त्याला हवा लागली किंवा ब्लीच लागलं की त्याचा गंज होतो अन् चादरीच्या धाग्यात बसतो. तुम्ही डाग काढायला ब्लीच टाकून राहिले अन् ते ब्लीचच डाग पाडून राहिलं.

तपासायला सोपं आहे. बोअरचं ताजं पाणी काचेच्या स्वच्छ ग्लासात घ्या, रात्रभर उघडं ठेवा. सकाळी पाणी पिवळट दिसलं किंवा बुडाला तांबडा गाळ बसला तर लोह आहे. न्हाणीत नळाखाली फरशीवर तांबूस पट्टा असला तर ग्लासचीही गरज नाही. लोखंडाच्या तारेवर चादरी वाळत घालता का तेही पाहा, तार गंजली असली तर घडीच्या जागी एका सरळ रेषेत ठिपके येतात. त्या जागी नायलॉनची दोरी बांधा.

आहेत ते डाग काढायला लिंबाचा रस अन् मीठ कालवून ठिपक्यांवर लावा, उन्हात तासभर ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा, दोन-तीनदा करावं लागेल. जास्त चादरी असल्या तर किराणा दुकानात लिंबाचं फूल म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळते, बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे टाकून भिजवा. ब्लीच बंद. धुण्याचं पाणी आदल्या दिवशी टाकीत भरून ठेवा अन् वरून उंचावरून धार पडू द्या म्हणजे हवा लागून गंज खाली बसतो, सकाळी वरचं नितळ पाणी घ्या. पांढऱ्या चादरींचं शेवटचं खंगाळणं विहिरीच्या किंवा पावसाच्या पाण्यात जमलं तर फार चांगलं.

ग्लासातलं पाणी तांबडं झालं तर ज्या पाहुण्याकडून ३०० रुपये घेतले त्यांना फोन लावा, कारण सांगा, अन् त्याच दिवशी पैसे वापस पाठवा. बाकीच्या तिघांनाही दोन ओळी लिहा, त्यांना तुम्ही विचारलं होतं, ते नाही म्हणाले होते.